आजची पुडी आणि उद्याचे मोल

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस जो एकदा येरमाळ्याला येऊन गेला असेल, त्याला तेथील चुना वेचण्याचा सोहळा विसरणे शक्य नाही. येडेश्वरीची पालखी डोंगरावरच्या मंदिरातून आमराईकडे निघते. वाटेत चुन्याचे रान लागते. तेथे पोचताच हजारो माणसे वाकतात, मातीतून चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीच्या मंदिरासाठी ते वाहतात. श्रीमंत-गरीब, शिकलेला-अडाणी हा भेद त्या रानात क्षणभर उरत नाही. चुन्याशी या गावाचे नाते हे असे श्रद्धेचे आहे.

वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र चुना वेगळ्याच कामी येतो. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या फाट्यावर सकाळी आठच्या सुमारास कोणी दहा मिनिटे उभे राहावे. महाविद्यालयाला, आयटीआयला, भरतीच्या तयारीला निघालेली मुले एकेका दुचाकीवर तिघे-तिघे बसून येतात आणि टपरीपाशी थांबतात. एक जण तळहातावर तंबाखू घेतो, डबीतला चुना लावतो, अंगठ्याने मळतो, आणि चिमूट-चिमूट वाटली जाते. ज्याला तंबाखू नको त्याला सुपारीचा मावा असतो. मग बार भरून, डोक्यावर हेल्मेट नाही आणि कानाशी फोन आहे अशा अवस्थेत ती पुन्हा महामार्गाला लागतात. वय साधारण सोळा ते एकवीस.

आरोग्यशास्त्रात ज्यांना 'धोक्याची वर्तने' म्हणतात त्यांपैकी निदान तीन त्या दहा मिनिटांत पाहावयास मिळतात. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा त्याला अधिकार काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर एका तोंडी परीक्षेत आहे.

एका तोंडी परीक्षेची हकीकत

काही वर्षांपूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा मी घेत होतो. त्यात एक चांगल्या तयारीचा मुलगा होता. विचारलेले त्याला समजत होते, उत्तरही येत होते, पण शब्द ओठांतल्या ओठांत घोटाळत. मी चिडून म्हणालो, "अरे, नीट तोंड उघडून बोल." तो म्हणाला, "सर, तोंड उघडत नाही." बाहेर उभ्या असलेल्या मुलांत हशा पिकला. मीही ती थट्टाच समजलो. थट्टा ती नव्हती. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी जातात. त्या मुलाच्या तोंडात दोनही जात नव्हती. तिखट खाल्ले की तोंडाची आग होई म्हणून तो दूधभाकरीवर राहत होता. आठवीपासून तो मावा खात होता.

ही सवय कोणी लावली, असे मी त्याला विचारले. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "लावली अशी कोणी नाही, सर. शाळेत असताना गुरुजींना पुडी आणून द्यायचो. उरलेली सुपारी मला मिळायची."

यावर मी त्याला काही बोलू शकलो नाही, कारण नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत मी स्वतः तंबाखू खात होतो, आणि शिपाई जागेवर नसला की समोर दिसेल त्या विद्यार्थ्याला टपरीवर पिटाळत होतो. त्यांतल्या किती जणांना उरलेली सुपारी मिळाली असेल याचा हिशेब माझ्यापाशी नाही. तरुणांच्या बेफिकिरीवर आपण वडीलधारी माणसे जेव्हा व्याख्याने झोडतो, तेव्हा हा न मांडलेला हिशेब आधी आठवावा, एवढ्यासाठीच ही हकीकत येथे सांगितली.

त्या मुलाच्या रोगाला वैद्यक 'ओरल सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणते. तोंडाच्या आतील मऊ अस्तराखाली कठीण तंतूंचे जाळे तयार होते, गाल ताठ होत जातात आणि जबडा आवळला जातो. आपल्याकडे १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो तसा विरळा होता. पुडीबंद सुपारी व गुटखा गावोगाव पोचल्यावर तो विशी-पंचविशीतल्या तरुणांत दिसू लागला. गेलेले लवचीक अस्तर औषधाने पूर्ववत होत नाही, आणि काही रोग्यांत त्याचे रूपांतर कर्करोगात होते. तंबाखू वाईट असेल पण नुसत्या सुपारीने काय होते, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरविले आहे. लग्नकार्यात पाहुण्यापुढे सुपारी ठेवणाऱ्या समाजाने हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आकडे काय सांगतात

एका मुलावरून पिढीची परीक्षा करू नये, हे मान्य. म्हणून आकड्यांकडे वळू. प्रौढांमधील तंबाखूसेवनाची दोन मोठी राष्ट्रीय सर्वेक्षणे २००९-१० व २०१६-१७ मध्ये झाली. या काळात देशातील तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आले, आणि महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ टक्के झाले. समाधानाची बाब आहे. परंतु त्याच सर्वेक्षणांत महाराष्ट्रातील १५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांचे आकडे वेगळे पाहिले, तर ते २.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर गेलेले दिसतात. मोठी माणसे सोडत असताना मुले धरत होती, असा याचा अर्थ. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करणारी आढळली. आणि धूरविरहित तंबाखूची चव घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच घेतली होती. ज्या वयात पाढे पाठ व्हावयाचे त्या वयात पुडी फाडण्याची कला अवगत होते, हे चित्र कोणाही शिक्षकाला अस्वस्थ करणारे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी ३३.८ टक्के व स्त्रियांपैकी १०.९ टक्के तंबाखू सेवन करणाऱ्या निघाल्या. स्त्रियांचे हे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक आहे. आपल्या घरातील मिश्रीच्या डबीला आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासण्याची रीत म्हणतो. मूल तंबाखूचा वास प्रथम टपरीवर नव्हे, आजीच्या मांडीवर ओळखते.

या भागातील वाचकांना आणखी एक गोष्ट माहीत असावयास हवी. येरमाळ्याहून बार्शी काही फार दूर नाही. तेथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबर आपल्या जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत आले, आणि खेड्यात कर्करोग नसतो हा भ्रम या नोंदणीने मोडून काढला. पुढे १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग झाला. एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसले. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. आपला जिल्हा मागासलेला म्हणून नेहमी ओळखला जातो; परंतु जगाच्या वैद्यकाला त्याने हे एवढे दिले आहे. ज्या जिल्ह्यातील मातांनी पुढे होऊन शास्त्राला साहाय्य केले, त्यांच्या मुलांना त्या शास्त्राचा पहिला धडा ठाऊक नसावा, ही विसंगती मनास लागते.

पुडीचे अर्थशास्त्र

गुटख्यावर महाराष्ट्रात बंदी आहे. पहिली बंदी २००२ मध्ये आली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अन्नपदार्थांत तंबाखू व निकोटीन मिसळण्यास मनाई करणारा केंद्रीय नियम २०११ मध्ये झाला, त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी घातली आणि पुढे ती सुगंधी तंबाखू, खर्रा व मावा यांनाही लागू केली. २००३ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड होऊ शकतो. कायद्याच्या पुस्तकात उणे काही नाही. उणे आहे ते पुस्तक आणि टपरी यांमधील अंतरात. शंभर यार्ड मोजणारा फिता कोणत्याही पंचायतीत मिळेल. तो घेऊन शाळेच्या फाटकापासून चालत जाणारा माणूस मिळत नाही.

बाजाराचा नियम असा की, मालाची विक्री वाढवावयाची तर त्याचा सर्वांत लहान नग गरिबातल्या गरिबाच्या खिशात बसेल असा करावा. तेल, शाम्पू, चहा यांच्या पुड्या याच विचाराने निघाल्या. तंबाखू-सुपारीची पुडी मुलाच्या खाऊच्या पैशांत बसते, हीच तिच्या यशाची गुरुकिल्ली आहे. जागतिक बँकेने १९९९ मध्ये हिशेब मांडला होता की, किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर श्रीमंत देशांत तंबाखूची मागणी चार टक्क्यांनी आणि गरीब देशांत सुमारे आठ टक्क्यांनी घटते. ज्याच्या खिशात कमी पैसे आणि ज्याची सवय अजून कच्ची, तो किंमतवाढीपुढे आधी माघार घेतो. आणि या दोन्ही गोष्टी मुलाला लागू पडतात. म्हणून तंबाखूवरील कर हा मुलांच्या आरोग्याचा विमाच होय. तंबाखूमुळे सरकारला महसूल मिळतो हा युक्तिवादही फसवा आहे. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूजन्य रोग व अकाली मृत्यू यांमुळे देशाचे १,७७,३४१ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा अंदाज आहे. तंबाखूवरील अबकारी कराच्या दर शंभर रुपयांमागे समाजाने ८१६ रुपये गमावले. एवढ्या तोट्याचे दुकान कोणताही व्यापारी एक दिवस चालविणार नाही.

उद्याचा भाव

मी वर्गात एकदा फळ्यावर हिशेब मांडला. दिवसाला तीस रुपयांच्या पुड्या धरल्या तर वर्षाला १०,९५० रुपये होतात. तेवढी रक्कम दर वर्षअखेरीस सात टक्के व्याजाने ठेवली तर दहा वर्षांत दीड लाखावर जाते. मला वाटले, आपण बिनतोड युक्तिवाद केला. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, दीड लाखाचं करायचं काय? तेवढ्यात नोकरी लागत नाही, बोअर मारला तर पाणी लागत नाही, आणि शेतीवाल्याला पोरगी कुणी देत नाही."

माझ्या अर्थशास्त्राला मिळालेले ते सर्वांत कठीण उत्तर होते. आमच्या शास्त्रात वर्तमान व भविष्य यांच्या तुलनेला फार महत्त्व आहे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, माणसाची दूरदृष्टीची दुर्बीणच सदोष असते. पुढचे सुख तिच्यातून आहे त्याहून लहान दिसते. १९८८ मध्ये गॅरी बेकर व केव्हिन मर्फी या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञांनी याच्या पुढे जाऊन व्यसनी माणूसही आपल्या परीने हिशेबच करीत असतो, असे मत मांडले. ज्याला उद्याचे मोल कमी वाटते तो आज अधिक सहज व्यसनाकडे वळतो. या मतावर पुष्कळ टीका झाली व ती योग्यही आहे, कारण तेरा वर्षांचा मुलगा सुपारी तोंडात टाकताना कसलाही हिशेब करीत नाही. तरीही मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे उत्तर समजून घेण्यास हे मत उपयोगी पडते. तो अडाणी नव्हता. पुडीवरचे सडलेल्या तोंडाचे चित्र तो रोज पाहत होता. २०१६ पासून ते चित्र वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर छापणे सक्तीचे आहे. त्याला माहिती कमी नव्हती, उद्याची खात्री कमी होती.

याची तीव्र रूपे जगात अन्यत्र दिसतात. पॅलेस्टाईनमधील बिरझैत विद्यापीठात सामुदायिक आरोग्याची एक संस्था आहे. रीटा जकामान व त्यांच्या सहकाऱ्यांनी रामल्ला परिसरातील दहावी-अकरावीच्या मुलामुलींचा केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लष्करी ताब्याखालील जीवनात बाँब व गोळ्या यांची जखम सर्वांना दिसते. या संशोधकांनी वारंवार होणाऱ्या अपमानाची न दिसणारी जखम मोजली. ज्या मुलांना अपमान अधिक सोसावा लागला त्यांच्यात डोकेदुखी, थकवा, उदासी अशा तक्रारी अधिक आढळल्या. त्या प्रदेशातही तरुण मुलांत सिगारेट व हुक्का यांचा प्रसार मोठा आहे, आणि तेथील अध्यापकांसमोरही आमच्यासारखाच प्रश्न आहे: ज्याला पुढल्या महिन्याची शाश्वती नाही त्याला चाळिसाव्या वर्षीच्या फुप्फुसाची काळजी कशी करावयास लावावी?

आपली व त्यांची परिस्थिती एक आहे, असे म्हणणे हा त्यांच्या दुःखाचा उपमर्द होईल. येथे नाकेबंदी नाही, रणगाडे नाहीत. पण अपमान येथेही आहे. तो निराळ्या वेषात येतो. पोलीस भरतीत तिसऱ्यांदा राहिलेल्या मुलाकडे घरचे ज्या नजरेने पाहतात, पुण्याच्या खोलीवरून स्पर्धापरीक्षा सोडून परतलेल्यास गावात जो प्रश्न रोज विचारला जातो, स्थळे येणे बंद झालेल्या तिशीतील शेतकऱ्याविषयी ओट्यावर जो विनोद केला जातो, त्यांची बेरीज कोणी मांडलेली नाही. अशा मुलाला टपरी ही एकच जागा अशी उरते की जेथे त्याची पात्रता कोणी विचारीत नाही. चिमूटभर तंबाखूच्या बदल्यात तेथे बरोबरीचे स्थान मिळते. ही किंमत त्याला स्वस्त वाटली तर नवल कसले?

दुचाकी, मित्र आणि महामार्ग

दुचाकीचा प्रश्नही याच कुळातला आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. पडद्यावरील मोटार चालविण्याचा खेळ त्यांनी मुलांना, तरुणांना व प्रौढांना खेळावयास दिला, काहींना एकट्याने व काहींना मित्रांच्या देखत. मित्र पाहत असताना किशोरवयीन मुलांनी सुमारे दुप्पट धोके पत्करले. प्रौढांत फरक पडला नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी धोका कळत नाही असे नव्हे. तो पत्करताना मित्राने पाहिले पाहिजे, हे अधिक महत्त्वाचे वाटते. आता तीन मित्र, एक मोटारसायकल आणि समोर येरमाळ्याचा घाट असे गणित मांडून पाहावे.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरील ७४,८९७ होती, आणि हेल्मेट न घातलेली दुचाकीवरील माणसे ५०,०२९. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे देशोदेशींच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून सिद्ध झाले आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होईल, अशी तरतूद २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झाली. तरीही दहावीच्या निकालानंतर गाडीची किल्ली हातात ठेवणे ही आपल्याकडे वडिलांच्या प्रेमाची खूण मानली जाते. लाखाची गाडी घेणारा बाप हजाराचे हेल्मेट घेताना मात्र उन्हाचे कारण सांगतो.

मुलींचे काय?

आतापर्यंतचे विवेचन बहुतांशी मुलांविषयी झाले. मुली या सवयींपासून बऱ्याच अंशी दूर आहेत, म्हणून त्या सुरक्षित आहेत असे समजणे चुकीचे होईल. मुलगा आपल्या आरोग्याशी स्वतः जुगार खेळतो. मुलीच्या आरोग्याशी तो तिच्या वतीने घरची माणसे खेळतात. वर उल्लेखिलेल्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. ऊसतोडीला सहा महिने जाणाऱ्या आई-बापाला मागे ठेवलेल्या मुलीची धास्ती वाटते, आणि लग्न हा त्यांना सर्वांत स्वस्त पहारा वाटतो. सतराव्या वर्षीचे बाळंतपण हे कोणत्याही व्याख्येने धोक्याचेच. फरक एवढाच की, ते धोक्याचे वर्तन तिचे नसते, आपले असते.

बंदी की बांधणी?

यावर उपाय काय, असे विचारताच दोन ठरावीक उत्तरे येतात: सरकारने कडक बंदी करावी, किंवा संस्कार वाढवावेत. आपल्या राज्याचा अनुभव थोडा अधिक शिकविणारा आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी आली. तीवरच न थांबता, दारू व तंबाखू या दोहोंचे सेवन कमी व्हावे म्हणून २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने तेथे 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू झाला. त्याचा भर गावोगावच्या समित्यांवर आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही. पण तिच्यामागे गावाने स्वतः केलेली बांधणी नसेल, तर ती सरकार बदलते तशी बदलते, हे मात्र खरे.

या बांधणीचे सर्वांत बोलके उदाहरण आइसलँड या चिमुकल्या देशाचे आहे. तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगणारी १९९८ मध्ये ४२ टक्के होती; २०१६ मध्ये ती ५ टक्के उरली. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. तेथे भाषणे वाढविली नाहीत. दरवर्षी मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष ज्या त्या शाळेपुढे व पालकांपुढे ठेवले, रात्री मुलांनी किती वाजेपर्यंत बाहेर राहावे याचा नियम पाळला, आणि खेळ, संगीत, कला यांसाठी पैसे व जागा दिली. थोडक्यात, मुलाची संध्याकाळ रिकामी राहू दिली नाही.

आइसलँड श्रीमंत देश आहे, त्याची बरोबरी आम्ही काय करणार, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. खो-खोला ना वातानुकूलित सभागृह लागते ना परदेशी साहित्य. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि एक शिट्टी लागते. त्या खेळात या जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत भारताच्या महिला संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळविले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदानावर मुलाला किंवा मुलीला जे मिळते ते टपरीवरही मिळते: मित्रांची नजर, धाडसाला दाद, बरोबरीचे स्थान. फरक असा की मैदान त्याची किंमत शरीर घडवून घेते, टपरी शरीर मोडून. ज्या गावात संध्याकाळी मैदानावर दिवा नाही आणि टपरीवर आहे, त्या गावात मुले कोठे जमतील हे सांगावयास समाजशास्त्रज्ञ नको.

आरंभ कोठून?

सरकारने करावयाच्या गोष्टी अनेक आहेत: तंबाखूच्या सर्व प्रकारांवर चढता कर, शंभर यार्डांच्या नियमाची अंमलबजावणी, तालुक्याच्या रुग्णालयात व्यसन सोडू पाहणाऱ्यास सल्ला व औषध. त्यांचा आग्रह धरलाच पाहिजे. पण या पानाचे बहुसंख्य वाचक शिक्षक, कारकून व विद्यार्थी आहेत; त्यांनी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांच्या खोलीतून पुडी हद्दपार करण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. विद्यार्थ्याला टपरीवर न पाठविण्यास अनुदान लागत नाही. वर्षातून एकदा वर्गातील प्रत्येकाला स्वतःची तीन बोटे तोंडात घालून पाहावयास सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. आणि ज्याची जाणार नाहीत त्याला हसू न देता दंतवैद्याकडे नेण्यास एक दुपार पुरते. कचेरीतील बाबूने आपल्या खिडकीशी आलेल्या बेकार मुलाला 'उद्या या' न म्हणता आज काम करून दिले, तर तेही आरोग्याचेच कार्य होईल. कारण उद्यावरचा त्याचा विश्वास आपणच अशा खिडक्यांशी रोज थोडा थोडा खर्च करीत असतो.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला त्या दिवशी मी उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढल्या तासाला मी त्याला एवढेच विचारले, "या वर्षी घरी पेरणी झाली का?" तो म्हणाला, "झाली, सर. सोयाबीन टाकलंय." मी विचारले, "पाऊस पडेल याची खात्री होती?" तो म्हणाला, "खात्री कधी असते?" "भाव मिळेल याची?" तो हसला. मी म्हणालो, "मग वडिलांनी बियाण्याला पैसे कशाला घातले? त्या पैशांत पुड्या आल्या असत्या." वर्ग हसला नाही. त्यानेही उत्तर दिले नाही.

त्याने पुडी सोडली असे सांगून या लेखाचा शेवट गोड करता आला असता. पण तसे घडलेले नाही. तो कमी करतो आहे असे म्हणतो, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. तोंडी परीक्षेतल्या मुलावर उपचार चालू आहेत. आता दोन बोटे जातात. मराठवाड्याचा शेतकरी खात्री नसताना दर मृगाला मातीत बी घालीत आला आहे. उद्यावर विश्वास ठेवण्याची ही विद्या त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती मुलाच्या देहापर्यंत पोचविण्याचे काम तेवढे आपल्याकडून राहून गेले आहे.